बिननावाचं भांडं

मी आयुष्यात गोदावरीचे दोन महापूर, बाहत्तरचा दुष्काळ आणि तुमच्या आजोबांनी एकदाच केलेला स्वयंपाक असं सगळं पाहिलं आहे. पण मला तोंडात बोट घालायला लावण्यात आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या गुरुजींचा हात कुणालाच धरता आला नाही. परवा धाकटीनं फोनवर सांगितलं की तिच्या शाळेत इंग्रजीच्या आणि इतिहासाच्या बाईंनी मिळून मुलांना 'मी कोण, माझी माणसं कोण' हे शोधून लिहायला सांगितलं आहे. वर विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" होतं, बाळांनो. पुणतांब्याच्या पुढं गोदाकाठच्या एका गावात, पत्र्याच्या छपराच्या हायस्कुलात होतं. इंग्रजीच्या बाई मी होते आणि इतिहासाचे ते होते. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी ती नीट क्रमानं सांगणार आहे, कारण त्यांच्याकडून क्रमाची अपेक्षा कुणी कधी केलीच नाही.

म्हणजे असं, की ते इतिहास उलटा शिकवत. जूनमध्ये शाळा उघडली की पहिला प्रश्न, "काल गावात काय झालं?" मुलं सांगत, अमक्याची म्हैस व्याली, तमक्याच्या बांधावरून भांडण झालं. "आणि त्याच्या आदल्या दिवशी?" असं करत करत ते मागं मागं सरकत. त्यांच्या वर्गात इंग्रज गणपतीच्या सुमाराला गेले आणि दिवाळीनंतर आले. मी पुण्याच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, समास आखल्याशिवाय वहीत तारीखसुद्धा न घालणारी बाई. मधल्या कुडाच्या भिंतीपलीकडून "पेशवाई तर बुडाली, आता ती चांगली चालली होती तेव्हाचं बघू" असं ऐकू आलं की माझ्या हातातला खडू मोडायचा. मी हेडसरांकडे तक्रार केली. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, मीही सांगून पाहिलं. पण त्यांचा निकाल बघा की." निकाल खरंच चांगला लागायचा. हा मला दुसरा धक्का.

ते मूळचे पाथर्डीकडचे, कोरडवाहू मुलखातले. शेत होतं, पण पाऊस नव्हता. म्हणून घरचे सगळे दिवाळीनंतर ऊस तोडायला आमच्या भागात येत. पाटी घेऊन शाळेत बसायचं भाग्य त्यांना उशिरा मिळालं. पहिली अक्षरओळख झाली ती उसाच्या गाड्यांवर रंगवलेल्या नावांवरून आणि नंबरांवरून. म्हणूनच की काय, त्यांना लिहिलेलं काहीही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे. एसटीच्या पाठीवरचं, घाटाच्या पायरीवरचं, खताच्या पोत्यावरचं सगळं ते वाचत. कोटाच्या खिशात दांडा नसलेलं भिंग असे. बारा महिने तो एकच कोट. त्याच्या खिशांत खापराचे तुकडे, गंजलेली नाणी, सुतळी आणि अधूनमधून विसरलेलं थालीपीठ. पंगतीला बसले की जेवायच्या आधी वाटी उलटी करून तिच्यावर कोरलेलं नाव वाचत. लग्नाला भांडी दहा घरांतून मागून आणलेली असत. हे भर पंगतीत जाहीर करत, "ही वाटी कुलकर्ण्यांकडची. ताट मात्र देशमुखांचं." तुमच्या बाबाच्या बारशाला त्यांनी आमच्या घरातली पळी अशीच भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "बाई, ही हेडसरांच्या मंडळींची आहे. त्या दोन वर्षं शोधतायत." हेडसरांच्या मंडळी शेजारीच बसल्या होत्या. मी त्या दिवशी जमिनीत जायचे ती केवळ पाहुण्यांना वाढायचं होतं म्हणून थांबले.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे "पुरावा?" हा शब्द. भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, की "पुरावा?" मुलगा म्हणाला काल ताप होता, की "पुरावा?" मी एकदा डबा पुढं केला आणि म्हटलं, "घ्या, साजूक तुपातले लाडू आहेत." त्यांनी भुवई उंचावली. एक खाल्ला, विचार केला, दुसरा खाल्ला, खिडकीबाहेर पाहिलं. चौथ्या लाडवाला म्हणाले, "पुरावा अजून अपुरा आहे." तुमचे आजोबा म्हणत, या माणसाला मुलगी बघायला नेलं असतं तर यानं तिच्या आईबापाकडे पुरावा मागितला असता. कदाचित तसंच झालं असावं, कारण त्यांचं लग्न झालं नाही.

तर हे गृहस्थ एका दुपारी माझ्या अकरावीच्या वर्गात न विचारता शिरले. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असे. टेबलावर 'माझी आई' या विषयावरच्या इंग्रजी निबंधांच्या वह्या होत्या. त्यांनी उभ्याउभ्या पाच-सहा चाळल्या आणि मुलांसमोर म्हणाले, "बाई, या सगळ्यांना मिळून एकच आई आहे का? सगळ्या पहाटे उठतात, सगळ्या प्रेमळ आहेत, सगळ्या गोष्टी सांगतात. पुरावा कुठंय?" मी लाल झाले, कारण निबंध मीच फळ्यावर लिहून दिला होता. पण ते थांबले नाहीत. मुलांकडे वळून म्हणाले, "प्रत्येकानं घरातून नाव घातलेलं एक भांडं आणायचं. राजेलोक दगडावर लिहून ठेवतात, आपली माणसं तांब्यावर लिहितात. ज्याचं नाव असेल ते माणूस कोण, ते घरी विचारून यायचं. माझ्या तासाला मराठीतून सांगायचं, बाईंच्या तासाला त्यावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायची." माझी परवानगी विचारायचं राहून गेलं ते अजून राहिलेलंच आहे. मी मात्र माझ्या स्वभावाप्रमाणे वहीत रकाने आखले: अनुक्रमांक, भांडं, नाव, विद्यार्थी.

दुसऱ्या दिवसापासून शाळेचा व्हरांडा बोहारणीच्या दारासारखा दिसू लागला. तांबे, पराती, डबे, फुलपात्रं. आणि मग घराघरातून जे बाहेर पडलं त्यानं गाव हादरलं. एका मुलानं आणलेल्या परातीवर शेजारणीच्या सासूचं नाव निघालं. दोघी बायका मधल्या सुट्टीत व्हरांड्यात येऊन अशा भांडल्या की शिपाई घंटा द्यायचं विसरला. शाळासमितीच्या अध्यक्षांच्या नातवानं घंगाळ आणलं, त्यावर देवळाचं नाव होतं. "आजोबा म्हनले, पुजाऱ्यानं धुवायला दिलंया," नातू म्हणाला. "कधी?" गुरुजींनी विचारलं. "मी जलमायच्या आधी." एका आडदांड पोराच्या डब्यावर 'सरला' असं कोरलेलं होतं. त्याला वाटलं बाजारातून बदलून आला असेल. आईला विचारलं तर ती आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायची आपल्याकडं रीत. त्या दिवशी सरलाची पार्वती झाली आणि त्यानंतर तिला सरला म्हणून कुणी हाक मारली नव्हती. तो पोरगा वर्गात सांगताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "मला सोळा वर्सं झाली गुरुजी, मला म्हाईतच नव्हतं." माझंही एक नाव असंच तांदळाखाली गेलं आहे. पण ते राहू दे.

वर्गात मंदा नावाची मुलगी होती. वेशीबाहेरच्या वस्तीतून हायस्कुलात आलेली ती एकटीच. तुम्हाला हे समजावून सांगायला हवं: त्या वस्तीतल्या माणसांना शिवायचं नाही, हा प्रकार कायद्यानं तेव्हाच बंद झाला होता. पण कायदा नगरपर्यंत आला होता, आमच्या वेशीशी त्याची एसटी चुकली होती. मंदा हुशार, तुटक बोलणारी, शेवटच्या बाकावर बसणारी. तिनं दोन दिवस काही आणलं नाही. गुरुजींनी विचारलं तेव्हा उभी राहून म्हणाली, "आमच्या घरी नावाचं भांडं न्हाई, गुरुजी. समदी जर्मनची. बाजारात घेतल्याली, त्याच्यावर कोन नाव घालणार?" (जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, बाळांनो.) गुरुजी म्हणाले, "मग नाव नसलेलं आण. ज्या भांड्यावरून तुम्ही ओळखले जाता, असं कुठलंही." त्यांना वाटलं ती आजीचं मडकं-बिडकं आणेल. मलाही तेच वाटलं. मी अनुक्रमांक घालून रकाना मोकळा सोडला.

तिनं आणला चहाचा कप. कान तुटलेला, कडेला टवका उडालेला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तिनं तो ठेवला आणि पहिल्या बाकावरची मुलं मागं सरकली. एसटी थांब्याजवळच्या अण्णांच्या हॉटेलाबाहेर कडुलिंबाच्या बेचक्यात तो ठेवलेला असे. वस्तीतलं माणूस चहा प्यायला आलं की त्यानं तो स्वतः काढायचा, विसळायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा, उभ्यानं प्यायचा, धुवून परत बेचक्यात. मी त्या झाडाखालून रोज दोनदा जात होते. मी तो कप कधी पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला असणारच. इंग्रजीच्या तासाला मंदानं लिहिलेली पाच वाक्यं मला अजून पाठ आहेत. मराठीत अशी होतील: 'हा एक कप आहे. याला कान नाही. यावर कुणाचंही नाव नाही. तरी हा कुणासाठी आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. माझे वडील यातून उभ्यानं चहा पितात.' मी लाल पेन उघडलं आणि तसंच मिटलं. आणि गुरुजी? ज्यांनी आयुष्यभर वांग्यांचासुद्धा पुरावा मागितला, त्यांनी भिंग कोटाच्या खिशात ठेवून दिलं.

दुपारपर्यंत अण्णा आले. मागं पाच-सहा गिऱ्हाइकं, बरोबर समितीचे अध्यक्ष. घंगाळ त्यांच्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं. "हेडसर, शाळेत आता चोऱ्या शिकिवता का?" अण्णांचा आवाज व्हरांड्यात घुमला. "त्या मंदीनं माझा कप पळिवला. दिवसाढवळ्या! नाव काढा तिचं पटावरनं." अध्यक्ष म्हणाले, "आणि दाखल्यावर कारण लिहा. चोरी." मॅट्रिकचे फॉर्म त्याच महिन्यात भरायचे होते. दाखल्यावर तो शब्द पडला असता तर नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेनं मंदाला दारात उभं केलं नसतं. वस्तीतलं मॅट्रिकपर्यंत पोचलेलं पहिलं पोर तिथंच संपलं असतं. हेडसर वाईट नव्हते, पण भित्रे होते. त्यांनी दौतीचं झाकण उघडलं. मंदा दाराशी चौकट धरून उभी होती.

तेवढ्यात गुरुजी आले. हातात वर्तमानपत्र, त्यावर कप. तो त्यांनी हेडसरांच्या टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "अण्णा, हा कप तुमचा?"

"माझाच!"

"पुरावा?"

"पुरावा कसला? समद्या गावाला ठावं हाय."

"नाव आहे यावर?"

"त्येच्यावर कोन नाव घालतंय?"

"मग दुकानातल्या इतर कपांबरोबर असतो का हा? फळीवर?"

"तिथं कसा ठिवीन? गिऱ्हाईक येतं माझ्याकडं!" अण्णा बोलून गेले आणि मागं वळून गिऱ्हाइकांकडे पाहू लागले.

"बरं. तुमचा शब्द आम्ही मानला. कप तुमचा. चोरीही झाली. बाई, लिहून घ्या." मी वही उघडली. मला वाटलं, या माणसानं पोरीला बुडवलं. "मुद्देमाल सापडला आहे," गुरुजी म्हणाले. "मालकानं आपला माल ताब्यात घ्यावा. उचला."

अण्णांचा हात पुढं आला आणि टेबलाच्या कडेशी थांबला. मागं ती सगळी गिऱ्हाइकं उभी होती, ज्यांना ते रोज स्वच्छ कपबशीत चहा देत.

"उचला की, अण्णा."

"मी... मी कशाला उचलू? तिनं न्हेला, तिनं ठिवावा जागच्या जागी."

"असं कसं? चोरीचा माल परत चोराच्या हातात? अध्यक्षसाहेब, तुम्ही घ्या अण्णांच्या वतीनं." अध्यक्ष भिंतीवरच्या भारताच्या नकाशात काहीतरी शोधू लागले. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, "उचल की रं अण्णा, तुजाच हाय न्हवं?" आणि दोघं-तिघं हसले. अण्णा ताडकन मागं सरले. "मसणात जाऊ द्या त्यो कप! मला न्हाई पायजे."

"नको म्हणता?"

"न्हाई म्हनलं ना!"

"बाई, लिहा. मालकानं माल नाकारला. ज्या वस्तूला मालक नाही, तिची चोरी होत नाही." हेडसरांनी दौतीचं झाकण लावलं. ते टक् करून लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते. पण मंदा हसली नाही. ती दारातूनच म्हणाली, "गुरुजी, मग आता दादा च्या कशातनं पितील?" दादा म्हणजे तिचे वडील, च्या म्हणजे चहा. गुरुजींनी कप वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेच्या कपाटात ठेवला. आणि तिची शंका खरी ठरली. अण्णांनी दुसरा कप ठेवला नाही, वस्तीला चहा देणंच बंद केलं. गुरुजींना दिवसातून सहा वेळा चहा लागे. त्यांनी त्या दिवसापासून अण्णांच्या हॉटेलची पायरी सोडली. संध्याकाळी वस्तीवर जायचे, मंदाच्या घरी जर्मनच्या पेल्यातून प्यायचे आणि परत येऊन आम्हाला सांगायचे, "गूळ जास्त होता." पण ते उत्तर नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता मला बसलेला सगळ्यांत मोठा धक्का सांगते, आणि हा सांगताना अक्षर वाकडं झालं तर समजून घ्या. मंदाची आई माझं अंगण झाडायला येत असे. झाडून झालं की मी तिला चहा देत असे. आपण माणुसकीनं वागतो असं मला वाटे. तो चहा ती न्हाणीच्या भिंतीवरच्या निळ्या काठाच्या कपातून घेई. त्याचा कान माझ्याच हातून तुटला होता. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी परसात गेले आणि तो समोर दिसला. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक चमच्याची यादी माझ्या वहीत होती, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मी यादी काढली. त्यात तो कप नव्हता.

सकाळी मंदाला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या न्हाणीच्या भिंतीवरचा कप तुला माहीत होता?"

"व्हय, बाई."

"मग तो का नाही आणलास? तो तर जवळ होता."

"त्योच आननार हुते," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "आई म्हनली, नगं. बाईंना लाज वाटंल."

मी हे गुरुजींना सांगितलं. ते "पुरावा?" म्हणतील आणि मी सुटेन, अशी मला वेडी आशा होती. त्यांनी खिशातलं खापर काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, आमच्या घरी बी हुता. आम्ही उसाच्या फडावर पाचटाच्या खोपीत राहणारी माणसं, आम्हाला कोण विचारत होतं? पण आमच्या खालीही कुणी होतं, आणि माझी आई त्यांना वरून पाणी ओतायची. मी ओतलंय." त्यांचं बोलणं असं मध्येच गावाकडं जायचं. "म्हणून तर उलटा शिकवतो. हजार वर्षांमागचं पाप कबूल करायला कुणाचीच जीभ अडखळत नाही. कालचं आलं की अडखळते. तर आधी कालचं."

मंदाचा फॉर्म भरला गेला, ती मॅट्रिक झाली, पुढं नगरला नर्सिंगला गेली. संस्थेनं गुरुजींची बदली केली, पार राजूरला, डोंगरात. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, हे लिहून ठेवते. जाताना तोच कोट, एक वळकटी. अण्णांच्या हॉटेलासमोरच एसटीत चढले, खिडकीत बसले आणि पुढच्या गाडीच्या पाठीवरचं काहीतरी वाचू लागले. मी पुडक्यात लाडू दिले होते. "साजूक तुपातले आहेत," मी म्हटलं. त्यांनी भुवई उंचावली, पण गाडी सुटली आणि शब्द ऐकू आला नाही. त्यानंतर आमची भेट नाही.

यादी काढली त्या संध्याकाळीच निळ्या काठाचा कप मी घासून फळीवर, आमच्या कपांत ठेवला आणि यादीत शेवटी लिहिला. मंदाच्या आईनं पहिले कितीतरी दिवस आत यायला नकार दिला. "ऱ्हाऊ द्या बाई, हितंच बरंय." ती आत ओट्याशी बसून चहा प्यायली त्याला पुढचा पाडवा उजाडला, आणि तेव्हाही कप तिनं स्वतःच विसळला. मी नको म्हणेपर्यंत विसळून झाला होता. अण्णांचा कप शाळेच्या कपाटात होता. पुढं इमारत नवी झाली, कपाट गेलं, कप कुठं गेला कळलं नाही.

तुम्ही सुट्टीत येता तेव्हा विचारता, आजी, हा कान तुटलेला कप फेकून का देत नाहीस, आणि मी म्हणते, असू दे. आता हे सगळं वाचून धाकटी नक्की म्हणेल, आजी, खरंच असं झालं होतं? मला तिच्या आवाजात दुसराच एक आवाज ऐकू येतो, भुवई उंचावलेला. पुरावा माझ्या फळीवर आहे, डावीकडून तिसरा, तुमच्या रंगीत मगांच्या शेजारी. याल तेव्हा उचलून बघा.